वायरलेसच्या जमान्यात वायर्ड बर्गलर अलार्मचं काम शिकावं का?

तुमचं आयटीआय झालंय, सीसीटीव्हीची कामं करताय, आता बर्गलर अलार्म शिकायचाय. पण बाजार वायरलेसकडे चाललाय, मग वायर्ड शिकण्यात अर्थ आहे का, किती दिवस लागतील आणि पैसे किती मिळतील, असं तुम्ही विचारलंय.

अर्थ आहे. दिवस किती लागतील ते तुम्ही कोणाच्या हाताखाली शिकता त्यावर ठरेल. केबल ओढणं, सेन्सर जोडणं, कीपॅडवरून झोन, म्हणजे एकेका दार-शटरचं वेगळं सर्किट, प्रोग्रॅम करणं हे सीसीटीव्हीवाल्याला लवकर जमतं. चांगला इन्स्टॉलर कोण आणि वाईट कोण, हे मात्र एका छोट्या रेझिस्टरवरून कळतं. ईओएल म्हणजे एंड ऑफ लाइन, झोनच्या केबलच्या शेवटच्या टोकाला, सेन्सरपाशी बसवायचा रेझिस्टर. तो कुठे बसवलाय, तेवढं बघायचं.

मी नाशिक जिल्ह्यातल्या एका फर्ममध्ये शिकलो. ग्राहक म्हणजे सराफ, पतसंस्था, खतांची गोदामं. तिथली पद्धत अशी, की सगळ्या झोनचे रेझिस्टर पॅनलच्या, म्हणजे अलार्मच्या मुख्य डब्यातच, थेट टर्मिनलला लावून टाकायचे. शटरपाशी शिडी लावा, कॉन्टॅक्टच्या (शटर उघडल्याचं कळवणाऱ्या स्विचच्या) वायरीला रेझिस्टर सोल्डर करा, स्लीव्ह चढवा, यात वेळ जातो. पॅनलमध्ये बसल्या जागी सगळे झोन हिरवे होतात. मॅन्युअलमधल्या आकृतीत तो सेन्सरपाशी दाखवलाय हे मी शेठना दाखवलं, तर म्हणाले, "आकृती काढणाऱ्याला शिडी चढायची नसते."

पुढे एका पतसंस्थेत एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) व्हिजिटला गेलो. मधल्या काळात त्यांनी शटरची दुरुस्ती करून घेतली होती. मी शटर वर केलं आणि कीपॅडकडे पाहिलं. पॅनलच्या लेखी पहिला झोन अजून बंदच, म्हणजे न उघडलेला. शटर पूर्ण वर गेलं, तरी कीपॅड म्हणतोय रेडी. पॅनलमधून त्या झोनच्या वायरी सोडवल्या आणि मीटर लावला. कॉन्टॅक्ट उघडा असताना सर्किट तुटलेलं दिसायला हवं होतं. मीटरवर जेमतेम काही ओम. वेल्डिंगवाल्याने बाजूची गाइड पट्टी बदलताना तिच्यामागे आमची केबल चेपली होती. इन्सुलेशन फाटून आतले दोन कोर (तारा) एकमेकांना चिकटले होते.

रेझिस्टर पॅनलमध्ये असल्यामुळे पॅनलला हे कळण्याचा मार्गच नव्हता. त्याला त्याचा रेझिस्टर दिसत होता, म्हणजे सगळं ठीक. तोच रेझिस्टर शटरपाशी असता, तर केबल चेपल्या क्षणी लूप, म्हणजे त्या झोनचं सर्किट, शून्य ओमवर आला असता, झोन फॉल्ट दाखवला असता, पॅनल आर्म झालं नसतं (पहाऱ्यावर लागलं नसतं) आणि त्याच संध्याकाळी आम्हाला फोन आला असता.

मॅनेजर मॅडम शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "म्हणजे हे असं किती दिवस होतं?" मला सांगता आलं नाही. त्या पॅनलच्या लॉगमध्ये आर्म-डिसार्म आणि अलार्म यांची नोंद होते, गप्प बसलेल्या झोनची होत नाही. आत लोकांचं तारण ठेवलेलं सोनं. रोज संध्याकाळी त्या बाई कोड टाकून, कीपॅडवर सगळं ठीक बघून, विश्वासाने घरी जात होत्या. त्यांचा तो चेहरा मी विसरलेलो नाही.

त्या दिवशी थांबून मी सगळ्या झोनचे रेझिस्टर काढून सेन्सरपाशी नेले, शटरची केबल बदलून मेटलच्या फ्लेक्झिबल पाइपात घातली आणि एकेक झोन दोनदा तपासला: एकदा उघडून, एकदा मुद्दाम शॉर्ट करून. ऑफिसला आल्यावर शेठ म्हणाले, "ग्राहकाची तक्रार होती का? चोरी झाली का? मग फुकटचा दिवस कोणी घालवायला सांगितला?" मी म्हटलं, चोरी झाली नाही कारण कोणी आलं नाही. आपल्या पॅनलचा त्यात काही हात नव्हता. त्यावर आमचं बरंच वाजलं आणि पुढे मी ती नोकरी सोडली. आजही त्या भागात जुनं पॅनल उघडलं की दहातल्या बहुतेक डब्यांत रेझिस्टर टर्मिनललाच लटकलेले दिसतात, आणि आजही माझं डोकं तेवढंच फिरतं.

म्हणून सांगतो, व्हिडिओ बघून हे काम शिकू नका. व्हिडिओत टेबलावर वीतभर वायर असते. तिथे रेझिस्टर कुठेही लावा, चालतो. खऱ्या जागी ४० मीटर केबल असते, उंदीर असतात, वेल्डिंगवाला असतो, पीओपीवाला असतो.

जो शिकवेल त्याच्याकडून डबल ईओएल, म्हणजे सेन्सरपाशी दोन रेझिस्टर लावायची पद्धत, नक्की शिकून घ्या. त्यात पॅनलला नॉर्मल, अलार्म आणि टॅम्पर (छेडछाड) या तिन्ही गोष्टी वेगळ्या कळतात. सेन्सरचं झाकण दिवसा कोणी उघडलं तरी कळलं पाहिजे, कारण रेकी करणारा दिवसाच ग्राहक बनून येतो. अलार्मची केबल २३० व्होल्टच्या पाइपातून नेऊ नका, इलेक्ट्रिशियन कितीही आग्रह करो.

व्होल्टेज ड्रॉपचा हिशेब कोणी शिकवत नाही, तोही शिका. आपली नेहमीची ७/०.२ केबल (प्रत्येक कोरमध्ये ०.२ मिमीच्या सात तारा) घेतली तर १०० मीटरला एका कोरचा रोध साधारण ८ ओम, जाऊन-येऊन १६. टोकाला २० मिलीअँपिअरचे दहा पीआयआर (हालचाल ओळखणारे सेन्सर) लावले की ३ व्होल्टच्या वर तिथेच गेले. दिवसा चार्जर चालू असताना काही कळत नाही. रात्री लाइट जाते, बॅटरी ११.५ ला उतरते, सेन्सरला ८ च्या आसपास मिळतात आणि पहाटे हूटर विनाकारण बोंबलायला लागतो. असं दोन-तीनदा झालं की ग्राहक पॅनल बंदच ठेवतो. त्यासाठी सप्लायचे कोर डबल करा, किंवा जवळ वेगळा पॉवर सप्लाय द्या आणि निगेटिव्ह कॉमन ठेवा. ७ एएचची बॅटरी ३०० मिलीअँपिअरवर कागदावर २३ तास चालते. तीन वर्षं जुनी असेल तर निम्म्याचाही भरवसा धरू नका. लोड टेस्टरने तपासा, नुसतं व्होल्टेज बघून काही कळत नाही.

पैशांचं म्हणाल, तर ते नव्या कामापेक्षा एएमसीत आहेत. आणि एएमसी त्यालाच टिकते, जो व्हिजिटला जाऊन सही घेऊन न पळता प्रत्येक शटर स्वतः उघडून बघतो.

वायरलेस वाईट आहे असं मी म्हणत नाही. भाड्याच्या फ्लॅटमध्ये, फर्निचर झालेल्या घरात मी स्वतः तेच बसवतो. पण स्ट्राँगरूम, लोखंडी शटर, जाड भिंती असल्या ठिकाणी मला वायर लागते. शिवाय ज्याला लूप समजला, तो वायरलेस आठवड्यात शिकतो. उलट दिशेने मी कोणाला येताना पाहिलेलं नाही. रेझिस्टर किती ओमचा हे मात्र पॅनलप्रमाणे बदलतं, कुठे १ के (किलोओम), कुठे २.२ के, डीएससी कंपनीच्या पॅनलला ५.६ के. माझ्या किंवा कोणाच्या सांगण्यावरून लावू नका, त्या पॅनलचं मॅन्युअल उघडा.

नोकरीसाठी कुठल्या फर्मकडे गेलात तर पगाराच्या आधी त्यांचं एखादं चालू काम बघायला मागा. पॅनलचं झाकण उघडून आत बघा. टर्मिनलला रेझिस्टर लटकलेले दिसले तर नमस्कार करून दुसरी फर्म शोधा, मग ते हजार-दोन हजार जास्त देत असले तरी.