तीन पानांचं झाड, पण बेल नव्हे

प्रश्न : आम्ही या घरात राहायला आलो तेव्हापासून बागेच्या कोपऱ्यात एक झाड आहे. कुणी लावलं, ठाऊक नाही. आता ते दुमजली घराएवढं वाढलंय. प्रत्येक देठाला तीन-तीन पानं, म्हणून येणारे-जाणारे सगळे त्याला बेल म्हणतात. पण हिवाळा सरता सरता पानं झडून गेली आणि नव्या पालवीबरोबर फुलांचे असे घोस लागले की हे बेलाचं झाड आहे यावर माझा विश्वासच बसेना. फुलं आधी पांढरी असतात, मग पिवळी पडतात. मधून लांब जांभळट तंतू बाहेर आलेले असतात. मोबाइलमधलं अ‍ॅप दर वेळी वेगळंच नाव सांगतं. फुलं पिवळी पडणं हा रोग आहे का? पानांवर हिरव्या अळ्या दिसतात, फवारणी करावी का? याच्या सालीचा काढा मुतखड्यावर घेतात असंही कानावर आलंय. घ्यावा का? फोटो आणि एक वाळलेलं फूल सोबत पाठवते आहे.

उत्तर : तुमच्या बागेत वायवर्णा आहे. वरुण हे त्याचंच दुसरं नाव, आणि वनस्पतिशास्त्रात त्याची प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, क्रटेव्हा. इतकं देखणं झाड तुमच्याकडे आपसूक आलं याचा मला फार आनंद झाला.

फोटो चांगले आहेत, पण झाड ओळखू आलं ते त्या वाळक्या फुलामुळे. ते मी कोमट पाण्यात भिजत ठेवलं. नरम झाल्यावर पांढऱ्या बशीत पसरलं आणि भिंग घेऊन बसले. पाकळ्या चार. प्रत्येक पाकळी टोकाकडे रुंद, पण बुडाशी एकदम निमुळती होऊन देठासारखी झालेली. त्यामुळे दोन पाकळ्यांच्या मध्ये चांगली मोकळी जागा राहते. तुम्ही म्हणता ते जांभळट तंतू म्हणजे पुंकेसर, पाकळ्यांपेक्षा लांब आणि पुष्कळ. त्या गर्दीत एक तंतू मात्र वेगळा आहे. त्याच्या टोकाला परागकोश नाही, हिरवट बोंडासारखा फुगीर भाग आहे. तो या फुलाचा अंडाशय. बहुतेक फुलांत अंडाशय तळाशी, पाकळ्यांच्या मधोमध बसलेला असतो. इथे तो स्वतःच्या लांब दांडीवर चढून थेट फुलाबाहेर आलेला आहे. वाघाटीचं फूल कधी नीट पाहिलं असेल तर तिथेही हीच रचना दिसते, कारण दोघं एकाच कुळातले. ही दांडी दिसली आणि माझी शंका फिटली. झाडाखाली ताजी फुलं पडलेली असतीलच. एक उचला, पाकळ्या आणि पुंकेसर अलगद काढून टाका. दांडी आणि तिच्या टोकावरचा तो हिरवा ठिपका तेवढा हातात राहील.

आता बेलाचं. पान त्रिदल असलं की बेल, असं आपण चटकन म्हणून टाकतो. पण पळस त्रिदल आहे, पांगाराही त्रिदल आहे. हे दोघे शेंगांच्या कुळातले, बेल लिंबाच्या कुळातला आणि वायवर्णा तिसऱ्याच. पर्णिका, म्हणजे एकाच पानाचे हे सुटे भाग, तीन असल्या म्हणून नातं जुळत नाही. तरी तुमच्याकडे येणाऱ्यांना हसू नका. आधुनिक वनस्पतिशास्त्राचा पाया घालणाऱ्या लिनियसनेही 1753 साली बेलाला क्रटेव्हा मार्मेलोस असं नाव देऊन वायवर्ण्याच्याच प्रजातीत बसवलं होतं. बेलाला त्याची आजची एगल ही प्रजाती मिळाली ती 1800 साली, कोरिया दा सेरा या पोर्तुगीज अभ्यासकाकडून.

दोन्ही झाडं जवळपास असतील तर फुलांची वाट पाहायचीही गरज नाही. पान उन्हासमोर धरा. बेलाच्या पानात बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी. पान चुरगळलं की त्याच वास देतात. वायवर्ण्याच्या पानात हे ठिपके नसतात. मग पर्णिका कुठून निघतात ते बघा. बेलाच्या खालच्या दोन पर्णिका समोरासमोर, देठाला जवळजवळ चिकटून असतात आणि मधली स्वतःच्या लांब देठावर पुढे गेलेली असते. वायवर्ण्याच्या तिन्ही पर्णिका लांब देठाच्या टोकाला एकाच बिंदूतून फुटतात आणि बाजूच्या दोघींची बुडं तिरकी, एका अंगाला जास्त भरलेली असतात. शिवाय बेलाला काटे असतात. तुमच्या फांदीच्या फोटोत मला एकही दिसला नाही.

अ‍ॅपवर मात्र रागावू नका. तुम्ही त्याला दुरून घेतलेला अख्ख्या झाडाचा फोटो दाखवला असणार. त्यात पांढऱ्या-पिवळ्या गुच्छांखेरीज काही कळत नाही आणि तसे गुच्छ कितीतरी झाडांना येतात. फूल समोरून आणि बाजूने, पानाच्या दोन्ही बाजू, पान फांदीला जिथे जुळतं ती जागा, खोडाची साल, आणि मिळालं तर फळ, असे फोटो जवळून काढा. आकाराचा अंदाज यावा म्हणून शेजारी पट्टी ठेवा. अ‍ॅपला असो की मला, ओळख पटवायला हेच लागतं.

फुलं पिवळी पडणं हा रोग नाही. वायवर्ण्याचं फूल उमलतं तेव्हा पांढरं असतं आणि वय वाढेल तसं पिवळसर होत जातं. एकाच घोसात दोन्ही रंग दिसतात ते त्यामुळेच. हिवाळ्यातली पानगळही नेहमीचीच. फुलं नव्या फुटव्यांच्या टोकाला येतात, म्हणून छाटणी कधीही बहराच्या आधी करू नका, नाहीतर त्या वर्षीच्या फुलांना मुकाल. फांद्या आवरायच्याच असतील तर बहर ओसरल्यावर आवरा. मुळांपासून फुटवे येऊ शकतात, ते नको असतील तर लहान असतानाच काढा. पाण्याची चिंता नको. हे झाड मुळात नदी-ओढ्यांच्या काठचं आहे. काही दिवस पाण्यात उभं राहिलं तरी तग धरतं आणि मोठं झाल्यावर कोरडे दिवसही काढतं.

फवारणीला माझी ठाम ना आहे. तुमच्या फोटोतली अळी पानाच्या मधल्या शिरेवर लांबट पसरलेली, अंगाने पानाइतकीच हिरवी आहे. पांढऱ्या पंखांच्या टोकांना शेंदरी ठसा असलेलं एक मोठं फुलपाखरू आहे, हेबोमोइया ग्लॉसिप्पी, ते वायवर्ण्यावर अंडी घालतं, आणि ही अळी मला त्याचीच वाटते. काडीने हलकेच डिवचून बघा. त्याची असेल तर पुढचा भाग उचलून, फुगवून हिरव्या सापासारखी दिसेल. पक्ष्यांपासून वाचायची ती तिची युक्ती. चार पानं खाल्ली तर एवढ्या झाडाचं काही बिघडत नाही. नवी पालवी येईल. विष मारलंत तर फुलपाखरं जातील आणि फुलांवर येणाऱ्या मधमाश्याही.

सालीबद्दल जरा कळकळीने सांगते. आयुर्वेदात वरुणाची साल मूत्रमार्गाच्या विकारांवर वापरतात, हे खरं आहे. पण खडा किती मोठा, कुठे अडकलाय, मूत्रपिंडावर ताण आलाय का, हे तपासल्याशिवाय घरच्या घरी काढा करून पिणं धोक्याचं. आधी डॉक्टरांना दाखवा. काढा घ्यायचाच असेल तर वैद्यांच्या सल्ल्याने घ्या. आणि कुणी साल मागायला आलं तर खोडाला हात लावू देऊ नका. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांपर्यंत उतरतं. खोडाभोवती सालीचा कडं काढल्यासारखा पट्टा निघाला तर मुळं उपाशी राहतात आणि उभं झाड वाळतं.

एक काम तुमच्यावर सोपवते. वायवर्ण्याच्या जवळच्या जाती एकमेकींसारख्या दिसतात. त्या वेगळ्या करताना फळाचा आकार आणि बी गुळगुळीत आहे की खडबडीत, हे बघावं लागतं. फुलातली ती दांडी जाड होऊन तिच्या टोकाला टणक सालीचं फळ लोंबू लागेल. ते पिकलं की उभं कापा, बिया धुऊन पट्टीशेजारी ठेवा आणि फोटो पाठवा. म्हणजे जातही सांगता येईल.