गृहकर्जाच्या व्याजावरची करसवलत ठेवावी की बदलावी?

बदलावीच. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंतच वजावट मिळते, आणि ही मर्यादा २०१४ च्या अर्थसंकल्पापासून तिथेच आहे. नव्या प्रणालीत तीही नाही. माझं भांडुपच्या वन बीएचकेसाठी ५० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्क्यांनी. पहिल्याच वर्षी सव्वाचार लाखांच्या आसपास व्याज गेलं, म्हणजे निम्म्याहून जास्त व्याजाला काहीच सवलत नाही.

पण नुसती मर्यादा वाढवून भागणार नाही. तीस टक्क्यांच्या स्लॅबवाल्याचे २ लाखांवर ६० हजार वाचतात, वीस टक्केवाल्याचे जेमतेम ४० हजार. म्हणून पहिल्या घरापुरती, सगळ्यांना एकाच दराने थेट करातून सूट द्यावी. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला (२०२२ पासून), तो मला जास्त न्याय्य वाटतो, कारण तिथे पगार नाही, घराचा आकार मोजला जातो.