आउटबोर्डचा कार्ब्युरेटर पहिल्यांदा उघडताना

आउटबोर्ड म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन. ते अडखळत असेल तर आधी दोष कार्ब्युरेटरचाच, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचाच, आहे ना, याची खात्री कर. शिळं पेट्रोल, तुंबलेला फिल्टर किंवा चिरलेला इंधनाचा पाइप यांनीही इंजिन असंच अडखळतं.

उघडताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढ. आयडलचा (इंजिन अगदी मंद चालतं तेव्हाचा) मिश्रण-स्क्रू काढण्याआधी हलक्या हाताने आत फिरव, किती फेऱ्यांत टेकतो ते लिहून ठेव. जोरात आवळलास तर त्याच्या टोकावर वळ उमटतो आणि आयडल नीट बसत नाही.

खरी मेख जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यात, असते. मेन जेट उजेडाकडे धरून बघ, भोक गोल आणि स्वच्छ दिसायला हवं. तार मात्र घालू नकोस! पितळ मऊ असतं. भोक किंचित वाढलं तरी मिश्रण बिघडतं. आधी फ्लोट (आतल्या पेट्रोलवर तरंगणारा भाग) आणि रबरी भाग बाजूला काढ, मग कार्ब्युरेटर क्लीनर मार, थोडा मुरू दे, नंतर दाबाची हवा. चष्मा लावच, कारण एका छिद्रातला फवारा दुसऱ्यातून थेट डोळ्यात येतो.

फ्लोट कानाशी हलव. आत पेट्रोल खळखळलं तर तो बदल. नीडल व्हॉल्व्हच्या (फ्लोट वर आला की पेट्रोल बंद करणाऱ्या सुईच्या) टोकावर खाच दिसली तर तोही बदल, नाहीतर पेट्रोल वाहत राहील. फ्लोटची उंची तुझ्या मॉडेलच्या मॅन्युअलप्रमाणेच ठेव.

गॅस्केट (जोडातली गळती रोखणारी पातळ चकती) नवीनच घाल. जोडून झालं की प्रायमर बल्ब (इंधनाच्या पाइपवरचा हाताने दाबायचा रबरी फुगा) कडक होईपर्यंत दाब आणि गळती बघ. चालू करशील ते थंडाव्याचं पाणी जोडूनच. कोरडं चालवलंस तर पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) लगेच खराब होतो.