सीटमागची टाकी हौद्याखाली न्यायचीय

प्रश्न: काका नमस्कार, ह्यूस्टनहून लिहितोय. दोन वर्षांपूर्वी १९७१ ची शेवरोले सी-१० पिकअप घेतली, छोट्या हौद्याची, ३५० क्युबिक इंचाचं इंजिन, कार्ब्युरेटर. टाकी ओरिजिनल, म्हणजे कॅबमध्येच, सीटच्या मागे. बायको आता बसायलाच तयार नाही, म्हणते घरी आल्यावर ओढणीला पेट्रोलचा वास येतो. टाकी मागे हौद्याखाली न्यायचीय. कुणी म्हणतं फोर्ड मस्टँगची बसव, कुणी म्हणतं शेवरोले ब्लेझरची, आणि एक मित्र म्हणतो चासीच्या बाहेरच्या बाजूला टांग, सगळ्यात सोपं. गाडी मागून चार इंच खाली केलेली आहे. काय करू? आणि कोल्हापूरचा मावसभाऊ विचारतोय की त्याच्या पिकअपला असं करता येईल का.

उत्तर: बायकोचं बरोबर आहे रे. १९७२ पर्यंत शेवरोलेने टाकी सीटमागे ठेवली, साधारण २० गॅलन म्हणजे ७६ लिटर पेट्रोल तुझ्या पाठीला टेकून. नवी असताना वास येत नसेल, पण भरायच्या नळीचं रबर आता पन्नास वर्षांचं झालं आणि हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलपुढे जुनं रबर टिकत नाही.

आधी मित्राचं निकालात काढू. चासीच्या बाहेर टाकी लावायची नाही. १९७३ पासून १९८७ पर्यंत जनरल मोटर्सने, म्हणजे शेवरोलेच्या मालक कंपनीने, स्वतःच तशी लावली होती, मग बाजूने धडक बसली की आग लागल्याच्या केसेस झाल्या, वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या चालल्या, आणि १९९४ ला सरकारशी तडजोड करून कंपनीने सुरक्षिततेच्या कामांसाठी ५ कोटी डॉलरहून जास्त द्यायचं कबूल केलं. तेव्हा जागा एकच, मागच्या ॲक्सलच्या मागे, चासीच्या दोन रेलच्या मधे. तिथे स्टेपनी टांगलेली असेल, ती जाणार, त्याची सोय आधी बघून ठेव.

आता कुठली टाकी. जुन्या मस्टँगची (१९६८ पर्यंतची) १६ गॅलनची आणि स्वस्त, पण तिच्या कडेची पट्टी डिकीच्या फ्लोअरवर बोल्ट व्हायला बनवलीय, तुला अँगलची फ्रेम करावी लागेल. आणि खरी गंमत काट्याची. फोर्डचा फ्लोट (टाकीत तरंगून पेट्रोलची पातळी मीटरला कळवणारा भाग) रिकाम्या टाकीला साधारण ७३ ओहम रोध देतो आणि भरलेल्याला १०, तुझा शेवरोलेचा मीटर मात्र शून्य ओहमला रिकामी आणि ९० ला फुल समजतो, म्हणजे टाकी कोरडी पडत आली की तुझा काटा झकास पाऊण टाकीच्या वर! फ्लोट बदलल्याशिवाय ती बसवूच नकोस. ब्लेझरच्या टाकीचा फ्लोट जनरल मोटर्सचाच, तो तुझ्या मीटरशी जुळतो, पण ३१ गॅलनवाली भरली की नुसतं पेट्रोलच ८४ किलोच्या आसपास, आणि चार इंच खाली असलेल्या गाडीत ती स्पीडब्रेकरला घासणार. तुझ्यासाठी मी याच मॉडेलकरता बनवलेली १७ ते २० गॅलनची उथळ टाकी घेईन, आत आडव्या पट्ट्या असलेली, म्हणजे वळणावर पेट्रोल एका बाजूला पळत नाही. पुढेमागे फ्युएल इंजेक्शन करायचं डोक्यात असेल तर आत पंप बसायची सोय असलेलीच घे, दोनदा खर्च नको.

टाकी टांगणं हे एका शनिवारचं काम आहे, लोक अडकतात ते नळ्यांपाशी. माझ्या १९६८ च्या गाडीला मी झाकण हौद्याच्या फ्लोअरमधे दिलं, भरायची नळी छान सरळ खाली, खूश होतो. पहिल्यांदा पंपावर गेलो तर अर्धा गॅलन गेला की टक, नोझल बंद, परत दाबा, परत टक, मागे लाईन लागलेली आणि एक बाई हॉर्नवर हात ठेवून बसलेली. घरी येऊन खाली झोपून बघितलं तर हवेची बारीक नळी मधेच झोळीसारखी लोंबत होती, त्या झोळीत पेट्रोल साचलं, हवेला बाहेर यायला वाटच नाही, मग पेट्रोल गळ्याशी चढतं आणि नोझलच्या टोकाचं बारीक भोक बुडालं की नोझल बंद होणारच. क्लॅम्प मारून ती नळी टाकीपासून झाकणाच्या गळ्यापर्यंत सतत चढती केली, दहा मिनिटांचं काम, त्याआधी महिनाभर मी पंपांना शिव्या देत होतो. शिवाय गाडी उलटली तर पेट्रोल सांडू नये म्हणून वेंटला रोलओव्हर व्हॉल्व्ह लाव.

दुसरं, पंप. आत्ता टाकी उंचावर आणि इंजिनाच्या जवळ आहे म्हणून इंजिनावरचा मेकॅनिकल पंप आरामात चालतो. टाकी खाली आणि लांब गेली की त्याला ओढायला जोर पडतो, आणि टेक्सासच्या उन्हाळ्यात ओढताना नळीतच पेट्रोलची वाफ होते, सिग्नलला गाडी मान टाकते. ५ ते ७ पीएसआय दाबाचा इलेक्ट्रिक पंप टाकीजवळ, टाकीच्या तळाच्या उंचीला लाव, हे पंप ढकलतात चांगले, ओढत नाहीत. फ्यूज, रिले आणि धडक बसली की पंप बंद करणारा इनर्शिया स्विच, या तिघांत काटकसर नको. नळी सायलेन्सरपासून लांब ने, पेट्रोलचा रबरी होज ३०आर९ हा दर्जा छापलेलाच घे. टाकी रबरावर टांगतोस तेव्हा फ्लोटला वेगळी अर्थिंगची वायर दे, नाहीतर काटा फुलच्याही पलीकडे जाऊन बसेल आणि तू मीटर उघडत बसशील.

जुनी टाकी काढताना बॅटरी आधी सोड. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा घातक, आत वाफ असते, तिच्याजवळ ग्राइंडर, वेल्डिंग काही नाही. आणि तुमच्याकडे गॅरेजमधेच गॅसचा गिझर असतो ना, त्याची ती छोटी ज्योत चोवीस तास पेटलेली असते, म्हणून हे काम बाहेर ड्राइव्हवेवर कर. तुमच्या राज्यात १ जानेवारी २०२५ पासून खाजगी गाड्यांची सेफ्टी तपासणी बंद झालीय, म्हणजे तुझं काम बघणारं कुणी नाही, एखाद्या जाणकाराला बोलावून टाकी पूर्ण भरून, गाडी चढावर उभी करून गळती बघून घे. ड्रायव्हरच्या दाराच्या मागे झाकणाचं भोक उरेल ते पत्रा वेल्ड करून बुजव, पण टाकी गाडीतून गेल्यावरच.

मावसभावाला सांग, हात लावू नकोस. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल चालत नाही, २०१९ मधे सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं, आणि आता मालकाला एकेका बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याच्या गाडीची टाकी तशीही चासीखालीच असणार, त्याला नेमकी अडचण काय आहे ते वेगळं लिहून पाठवायला सांग.