ताट वेगळं ठेवायचं का, ताई?

घरात कुणाला टीबी निघाला की पहिला प्रश्न औषधाचा येत नाही, ताटाचा येतो. पंचवटीकडच्या वस्त्यांमध्ये काम करताना हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की समोरच्या माणसाने तोंड उघडण्याआधीच मला कळतं. "ताट-वाटी वेगळी केली, बरोबर केलं ना?" विचारणारी कधी आई असते, कधी नवरा, बहुतेक वेळा सासू. म्हणून एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पेठ तालुक्यातून द्राक्षाच्या छाटणीला आलेलं आणि मग पेठ रोडला पत्र्याच्या खोलीत स्थिरावलेलं हे कुटुंब. सून चोवीस वर्षांची, पदरात चार वर्षांचा मुलगा. तीन आठवडे खोकला हटला नाही, संध्याकाळी कणकण यायची, वजन उतरून 38 किलोवर आलं. आशाताईने थुंकी तपासायला लावली आणि टीबी निघाला. उपचार सुरू होऊन महिना झाला तेव्हा आशाताईच तिला माझ्याकडे घेऊन आली, कारण ती गोळ्या चुकवायला लागली होती.

"लघवी लाल होते ताई. आतून रक्त जातंय. औषधच बाधतंय मला."

ते रक्त नव्हतं. रिफॅम्पिसिन या औषधाने लघवी केशरी-लालसर होते, त्याने अपाय नाही. गोळ्या सुरू करतानाच हे एक वाक्य सांगितलं तर कितीतरी जण औषध सोडणार नाहीत. मात्र डोळे पिवळे झाले किंवा उलट्या थांबेनात, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं.

हे ऐकून ती सुटल्यासारखी हसली, पण उठली नाही. मग म्हणाली, "सासूबाईंनी माझ्या ताटाला खिळ्याने फुली मारलीय. जेवण उंबऱ्यापाशी ठेवतात. आपल्याच घरात पाहुणी झाले मी." ती अर्धी भाकरी खाऊन ताट सरकवत होती. गोळ्यांइतकंच अन्न लागतं अशा आजारात हे.

माझा कल पहिल्यापासून कुटुंबासोबत बसण्याकडे आहे. आजार एकाच्या छातीत असतो, पण त्याची भीती सगळ्या घराने वाटून घेतलेली असते. तिला विचारूनच मी घरी गेले. पहिल्या दोन भेटींत मी माहिती दिली: टीबी हवेतून पसरतो, रुग्णाच्या खोकल्यातून, मोठ्याने बोलण्यातून. ताटातून, कपड्यांतून, स्पर्शातून नाही. सासूबाईंनी मान डोलावली. फुलीचं ताट होतं तिथेच राहिलं.

तिसऱ्या भेटीत मी समजावणं सोडलं. त्या नागलीचं पीठ मळत होत्या. विचारलं, "आजी, तुमच्या माहेरी कुणाला झाला होता का हो हा आजार?"

पिठातले हात थांबले.

"बापाला माझ्या."

बऱ्याच वेळाने पुढे बोलल्या. "गोठ्याकडं खाट टाकली होती त्याची. भाकर मीच न्यायची. आय म्हणायची, जवळ जाऊ नको, लांबून सरकव. मी सरकवायची. एके दिवशी सांजेला गेली तर सकाळचं ताट तसंच."

"किती वर्षांच्या होतात तुम्ही?"

"नऊ-दहा."

"औषध नव्हतं?"

"सुया घ्यायला तालुक्याला जायचा. वर्षभर घ्यायच्या होत्या. शेतीची कामं आली, सोडलं."

सून दाराशी बसून ऐकत होती. तिने हे आधी कधी ऐकलं नव्हतं. लग्नाला सहा वर्षं झाली होती.

त्या क्षणी मला माझी चूक उमगली. मी ते ताट तिरस्काराचं समजून बसले होते. खरं तर नऊ वर्षांच्या मुलीला आईने शिकवलेली ती एकच काळजी होती आणि नातवासाठी ती पुन्हा तेच करत होती. भीती अज्ञानातून आली असेल तर माहितीने जाते. मरण पाहून आली असेल तर तिला हाताशी काहीतरी काम द्यावं लागतं. तेव्हापासून टीबीच्या प्रत्येक घरात मी आधी विचारते, पूर्वी कुणाला झाला होता का. बहुतेक घरांत कुणीतरी निघतंच.

खोलीला एक खिडकी होती, धूळ येते म्हणून पोतं कोंबलेलं. मी म्हटलं, "आजी, नातवाला वाचवायचंय ना? मग ताटाचं राहू द्या, ते पोतं काढा. दार-खिडकी उघडी ठेवा, हवा खेळू द्या. हिने खोकताना तोंडावर पदर धरायचा. नातवाला तपासायला न्या. त्याला टीबी नाही याची खात्री झाली की तो होऊ नये म्हणूनही औषध मिळतं. आणि हिची रोजची गोळी तुमच्या डोळ्यांसमोर." औषध लागू पडत असेल आणि नेमाने घेतलं, तर साधारण दोन आठवड्यांत दुसऱ्याला लागण्याचा धोका खूप कमी होतो, हेही सांगितलं. साधा टीबी आता सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. त्या सरकारी केंद्रात फुकट मिळतात, फुकट म्हणून हलक्या नसतात.

पोतं त्यांनी माझ्यासमोरच ओढून काढलं.

सुनेचं बँक खातं निक्षय पोषण योजनेला जोडायचं राहिलं होतं, ते आशाताईने करून घेतलं. उपचार चालू असेपर्यंत महिन्याला 1000 रुपये आहारासाठी मिळतात. नोव्हेंबर 2024 च्या आधी 500 मिळायचे. ज्यांच्या घरी रुग्ण आहे त्यांनी खात्यात पैसे येतात का ते विचारा, मागे लागा. तो तुमचा हक्क आहे.

चौथ्या महिन्यात गेले तेव्हा सुनेचं वजन 43 झालं होतं. जेवायची वेळ होती आणि सगळे एकत्र बसले होते. फुलीचं ताट मात्र अजून होतं. मी पाहते आहे हे सासूबाईंच्या लक्षात आलं.

"ते राहू द्या ताई," त्या म्हणाल्या आणि उकडलेलं अंडं सोलून त्याच ताटात ठेवलं. नातवाने हात पुढे केला, तर त्याच्या हातावर हलकी चापट बसली. "फुलीवालं आईचं. ते कुणी खायचं नाय."