नवा बॉल महिनाभर खोक्यातच राहू द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दीड वर्षं सोमवारच्या टेनपिन बोलिंग लीगमध्ये खेळताय, ॲव्हरेज १४५च्या आसपास, आजवर सेंटरमधलेच बॉल वापरलेत. आता १५ पौंडांचा रिॲक्टिव्ह (लेनला जास्त पकडून वळणारा) बॉल ऑनलाइन मागवलाय, त्याला अजून भोकं पाडलेली नाहीत. प्रो शॉपमध्ये, म्हणजे भोकं पाडून देणाऱ्या दुकानात, ‘लेआउट कुठला करायचा?’ (भोकं बॉलवर नेमकी कुठे पाडायची?) असं विचारलं आणि तुम्हाला उत्तर देता आलं नाही. लीगमधला मित्र म्हणतो, ‘माझ्यासारखं पिन-अप करून घे, जबरदस्त वळतो.’ तुमचा बॉल जोरात जातो पण वळत नाही. आणि शेवटी, जाता जाता, तुम्ही लिहिलंय की खेळून आल्यावर रात्री अंगठ्याच्या मुळाशी ठणकतं.

माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या ठणक्यापासून सुरू होतं. म्हणून आधी सल्ला सांगतो, कारणं नंतर. नवा बॉल आहे तसा खोक्यात ठेवा. एक साधा प्लास्टिकचा बॉल घ्या, त्याला तुमच्या हाताच्या मापाने फिंगरटिप ग्रिपची भोकं पाडून घ्या आणि चार-पाच आठवडे फक्त त्यावर खेळा. मग रिॲक्टिव्ह बॉल घेऊन ड्रिलरकडे, म्हणजे भोकं पाडणाऱ्या कारागिराकडे, जा. प्लास्टिकचा बॉल वाया जात नाही. कोपऱ्यातली दहा नंबरची पिन पाडायला सरळ जाणारा बॉल लागतोच, आणि तो पुढे कायम तुमच्या बॅगेत राहील.

हे एवढ्या ठामपणे सांगतोय कारण मी उलट केलं होतं. मिशिगनला आल्यावर दुसऱ्याच वर्षी लीगमध्ये घुसलो, त्याआधीचा माझा सगळा अनुभव मुंबईतल्या मॉलमध्ये वाढदिवसाला दोन गेम खेळण्याचा. पहिला बॉल घेतला, संध्याकाळी मॅच होती, दुकानात घाईने गेलो, हात गार. मित्राचा लेआउट सांगितला आणि स्पॅन (अंगठा आणि बोटांच्या भोकांमधलं अंतर) ‘जरा लांबच ठेवा, फिंगरटिप आहे ना’ असं वर मीच म्हणालो. तिसऱ्या गेमला अंगठा आत अडकायला लागला. तो सुटावा म्हणून मी मनगट झटकायला लागलो. महिन्याभरात मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला अशी कळ यायची की चहाचा कप उचलवेना. सहा आठवडे खेळ बंद. नंतर तो बॉल बुजवून पुन्हा पाडून घ्यावा लागला. बॉल तोच, आतला कोअर (गाभा) तोच, फक्त भोकं माझ्या हाताची झाली आणि दुखणं थांबलं.

तर आधी हात. सेंटरच्या बॉलमध्ये आपण बोटं दुसऱ्या पेरापर्यंत आत घालतो, त्याला कन्व्हेन्शनल ग्रिप म्हणतात. ती भोकं कुणाच्याच हाताची नसतात, सगळ्यांना चालतील अशी मोठी असतात. भोक सैल असलं की बॉल पडू नये म्हणून आपण नकळत अंगठा वाकवून दाबतो. स्विंगभर १४-१५ पौंडांचं वजन त्या वाकलेल्या सांध्यावर लोंबकळतं. तुमचा ठणका बहुधा तिथलाच आहे. पंधरा दिवसांच्या विश्रांतीनेही गेला नाही तर मात्र डॉक्टरांना दाखवा, बॉल बदलून बघत बसू नका.

फिंगरटिपमध्ये मधलं बोट आणि अनामिका फक्त पहिल्या पेरापर्यंत आत जातात, अंगठा पूर्ण आत. अंगठ्यापासून बोटांच्या भोकांपर्यंतचं अंतर म्हणजे स्पॅन, तो इथे वाढतो. फायदा असा की सोडताना अंगठा आधी बाहेर येतो आणि बोटं क्षणभर जास्त बॉलमध्ये राहतात. त्या क्षणात बॉलला फिरकी मिळते. तुमचा बॉल न वळण्याचं मोठं कारण हेच असावं: दोन पेरं आत घालून सोडताना ती फिरकी देणं फार कठीण जातं. म्हणजे जे काम तुम्हाला लेआउटकडून करून घ्यायचंय, त्यातलं निम्मं नुसत्या ग्रिपनेच होऊन जाईल.

माप द्यायला जाताना गार हाताने जाऊ नका. आधी एक-दोन गेम खेळा, कारण खेळताना अंगठा फुगतो, आणि थंडीत आखडतोही. ड्रिलरने दोन्ही बोटांचे स्पॅन वेगवेगळे मोजायला हवेत. मग पिच: भोक बॉलच्या केंद्राच्या रोखाने न पाडता किंचित तिरकं पाडतात, ते इंचाच्या अष्टमांशात किंवा सोळांशात मोजतात. अंगठ्याचं भोक तळहाताकडे झुकलं की पकड घट्ट होते, उलट दिशेला झुकलं की अंगठा पटकन सुटतो. किती झुकवायचं हे स्पॅन, सांध्यांची लवचिकता आणि अंगठ्याचा आकार यावर ठरतं. ड्रिलर तुमचा अंगठा मागे वाकवून पाहील, घट्टे कुठे पडलेत ते पाहील. असं काहीच न बघता नुसता भोकाचा नंबर विचारणारा असेल तर दुसरं दुकान शोधा. कारागिराने हात हातात घेऊन बघितलाच पाहिजे, बांगड्या भरणारी कासारीण बघायची तसा.

बोटांच्या भोकात रबरी इन्सर्ट बसतात, अंगठ्याच्या भोकात प्लास्टिकचा स्लग. दोन्ही बदलता येतात. अंगठा किंचित सैल पाडून आत टेप लावायची पद्धत चांगली: फुगला की एक पट्टी काढायची, आखडला की एक वाढवायची. भोकाची कड गोलसर घासून घ्यायला सांगा, त्याला बेव्हल म्हणतात. पाच मिनिटांचं काम, पण साल निघत नाही.

माप बरोबर आहे हे कसं ओळखायचं? बॉल धरून हात खाली सैल सोडा. अंगठा सरळ ठेवूनही बॉल हातात राहिला पाहिजे. दाबावं लागत असेल किंवा तळहात ताणला जात असेल तर परत जा. चांगला ड्रिलर पहिल्या दोन-तीन फेऱ्यांची दुरुस्ती आनंदाने करतो. नीट बसलेला १५ पौंडांचा बॉल सेंटरच्या १४ पौंडांच्या बॉलपेक्षा हलका वाटतो, हे तुम्हाला पहिल्याच दिवशी जाणवेल.

आता लेआउट. बॉलवर एक छोटा रंगीत ठिपका दिसेल, त्याला पिन म्हणतात. (लेनच्या टोकाला उभ्या असतात त्या दहा पिना वेगळ्या.) आतल्या कोअरचं डोकं त्या ठिपक्याखाली असतं. लेआउट म्हणजे हे डोकं तुमच्या फिरकीच्या आसापासून किती लांब आणि कुठल्या दिशेला ठेवायचं ते ठरवणं. भोकं हाताप्रमाणे एकमेकांपासून ठरलेल्या अंतरावरच पडणार. लेआउटमध्ये तो सगळा संच बॉलवर सरकवायचा आणि फिरवायचा असतो.

बॉल तुमच्या हातातून सुटतो तेव्हा कुठल्या तरी आसाभोवती फिरतो. तो आस बॉलच्या पृष्ठभागावर जिथे बाहेर येतो तो तुमचा पीएपी, म्हणजे पॉझिटिव्ह ॲक्सिस पॉइंट. ग्रिपच्या मध्यापासून ‘उजवीकडे पाच इंच, वर अर्धा इंच’ असा तो सांगतात. प्रत्येकाचा वेगळा असतो. ड्रिलर अंदाजाने तिथे पांढरा स्टिकर लावून तुम्हाला बॉल टाकायला सांगतो. स्टिकर गोल गोल हिंडला तर जागा चुकली. जागच्या जागी स्थिर दिसला की सापडला. दुसरा मार्ग लेनवरच्या तेलाच्या बॉलवर उठलेल्या कड्यांचा. वळणाऱ्या बॉलवर ती कडी एकमेकांपासून फाकतात आणि दोन ठिकाणी एकत्र येतात, आकार अगदी डमरूसारखा दिसतो. पहिल्या कड्यावरून पीएपी मोजता येतो.

खोक्यात ठेवा म्हणालो त्याचं कारण इथे आहे. कन्व्हेन्शनल ग्रिपवरून फिंगरटिपवर गेलात की तुमची सोडण्याची पद्धत बदलते, आणि तिच्याबरोबर पीएपीही सरकतो. आज सेंटरच्या बॉलवर मोजलेला पीएपी हा महिन्याभरानंतरच्या तुमचा नसेल. चुकीच्या बिंदूपासून मोजलेला लेआउट कितीही नामांकित असला तरी काय करेल हे सांगता येत नाही. कधी कधी तर तेलाचं कडं थेट बोटांच्या भोकावरून जातं आणि बॉल लेनवर खडखडत जातो.

मित्राचा पिन-अप तुम्हाला का नको, हे आकड्यांत सांगतो. बॉलचा घेर साधारण २७ इंच, त्याचा चतुर्थांश पावणेसात. पिन नेमकी पीएपीवर ठेवली किंवा पावणेसात इंच लांब ठेवली, तर कोअर स्थिर फिरतो आणि बॉल जवळजवळ एकाच कड्यावर लोळतो. दोन्हींच्या मधोमध, ३ ३/८ इंचांवर, कोअर सर्वांत अस्थिर असतो, तिरका सोडलेला भोवरा डुलतो तसा. डुलल्यामुळे प्रत्येक फेरीला कोरडा, तेल न लागलेला भाग लेनला टेकतो आणि पकड वाढते. पिन बोटांच्या भोकांच्या वर ठेवली, म्हणजे पिन-अप केलं, की बॉल उशिरा आणि टोकाला झटक्याने वळतो. बोटांच्या रेषेत किंवा खाली ठेवली की लवकर आणि सावकाश वळतो. तुमचा मित्र बहुधा हळू टाकतो आणि भरपूर फिरकी देतो. त्याला बॉल उशिरा वळायलाच हवा, नाहीतर पिनांपर्यंत पोचेतो जोर संपेल. तुमचा बॉल जोरात जातो. त्याला आणखी उशीर लावला तर वळायच्या आधी लेनच संपेल.

हे अंदाजाने नको, मोजून घ्या. बॉलवर पांढऱ्या टेपचा तुकडा लावून फोनवर सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ काढा. सुटल्यानंतर एक पूर्ण फेरी व्हायला ६० फ्रेम लागल्या तर सेकंदाला ४, म्हणजे मिनिटाला २४० फेऱ्या. ४८ फ्रेम लागल्या तर ३००. वेग काढायचा तर फाउल लाइनपासून (जिच्या अलीकडून बॉल टाकतो ती रेषा) पहिल्या पिनेपर्यंत ६० फूट. अडीच सेकंद लागले तर सरासरी ताशी १६ मैलांपेक्षा थोडा जास्त. तुम्हाला २.२ सेकंद लागत असतील आणि फेऱ्या २००च्या आत असतील, तर तुमचा वेग फिरकीवर भारी आहे. त्या परिस्थितीत मी पीएपीपासून पिन चार ते साडेचार इंचांवर, बोटांच्या रेषेत किंवा जराशी खाली मागेन. ड्रिलर तीन आकडे बोलेल: कोन, अंतर, कोन. ही बॉल डिझायनर मो पिनेल यांची ड्युअल अँगल पद्धत. तुमच्यासारख्या खेळाडूला साधारणपणे दोन्ही कोनांची बेरीज लहान हवी, कारण तेवढा बॉल लवकर लोळायला लागतो. आकडे पाठ करू नका. ‘बॉल लवकर पकडायला हवा, माझा वेग जास्त आहे’ एवढं सांगा आणि व्हिडिओ दाखवा.

दुसऱ्याचा लेआउट का चालत नाही याचं मोठं उदाहरण अमेरिकेतल्या व्यावसायिक बोलिंगपटूंच्या पीबीए टूरवरच आहे. वॉल्टर रे विल्यम्स ज्युनियर यांनी ४७ विजेतेपदं मिळवली ती बरीचशी सरळ रेषेत खेळून. जेसन बेलमाँटे दोन हातांनी, अंगठा न घालता, प्रचंड फिरकीने खेळतो आणि त्याच्या नावावर १५ मेजर, म्हणजे सर्वांत मोठ्या स्पर्धांची विजेतेपदं, आहेत. दोघांनी एकमेकांचे बॉल उचलले तर एकाच्याही उपयोगाचे नाहीत.

आणि लेआउटकडून फार अपेक्षा ठेवू नका. बॉलची साल, म्हणजे बाहेरचा थरच, त्याहून जास्त काम करते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला रिॲक्टिव्ह बॉल आले. त्यांची साल तेल शोषते, म्हणून ते कोरड्या भागात एवढे पकडतात. पण तुमचा बॉल चकचकीत पॉलिश असेल तर तुमच्या वेगाला तो तेलावरून घसरतच जाणार. ड्रिलरला २००० नंबरच्या घासायच्या पॅडने घासून द्यायला सांगा. साल पुन्हा पॉलिश करता येते, पाडलेलं भोक मात्र बुजवल्याशिवाय हलवता येत नाही, म्हणून प्रयोग सालीवर करा. प्रत्येक वेळी बॉल टाकून परत आला की टॉवेलने तेल पुसा.

नियमाचं एक सांगून ठेवतो, कारण जुन्या व्हिडिओंत वेगळं दिसेल. पूर्वी वजन साधायला बॉलला चौथं भोक पाडत. १ ऑगस्ट २०२० पासून यूएसबीसीने, म्हणजे अमेरिकेतल्या बोलिंगच्या नियामक संस्थेने, ते बंद केलं. आता प्रत्येक भोकात टाकताना बोट असलंच पाहिजे. कुणी स्वस्तात जुना बॉल देत असेल आणि त्याला जास्तीचं भोक असेल, तर ते बुजवल्याशिवाय मान्यताप्राप्त लीगमध्ये चालणार नाही. प्लास्टिकचा बॉल असा सेकंडहँड घेतलात तरी हरकत नाही, त्याचा लेआउट फारसा महत्त्वाचा नसतो, फक्त सगळी भोकं बुजवून तुमच्या मापाची पाडून घ्या.

काम झालं की ड्रिलरकडून मापाचा कागद मागून घ्या. दोन्ही स्पॅन, तिन्ही भोकांचे पिच, इन्सर्टचे आणि अंगठ्याचे आकार, पीएपी आणि लेआउट, एवढं त्यावर असलं पाहिजे. फोनमध्ये फोटो काढून ठेवा आणि वर्षातून एकदा पुन्हा मोजून घ्या. माझ्या कागदावर अंगठ्याचा आकार आतापर्यंत दोनदा खोडून नव्याने लिहिलाय. दोन्ही वेळा ड्रिलरच्या आधी अंगठ्यावरच्या नव्या घट्ट्याने मला ते सांगितलं होतं.