श्रेणी कागदावरची आणि कोडमधली : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : १ + क्ष + क्ष²/२! + क्ष³/३! + … ही ‘ई’च्या क्ष-घाताची श्रेणी मी सी भाषेत लिहिली. फॅक्टोरियलसाठी (न! = १ × २ × … × न) वेगळे फंक्शन केले. १२! पर्यंत सगळे बरोबर, पुढे उत्तर भरकटते.

उत्तर : १२! म्हणजे ४७,९०,०१,६००. १३! सहा अब्जांच्या पुढे जातो आणि ३२ बिटांच्या इंटमध्ये (सीच्या पूर्णांक प्रकारात) २,१४,७४,८३,६४७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. ६४ बिट घेतलेत तर २१! ला हेच होईल. मुळात फॅक्टोरियल काढायचाच कशाला? शेजारशेजारची दोन पदे भागून पाहा : प्रत्येक पद म्हणजे मागचे पद गुणिले क्ष भागिले न (न म्हणजे लूपची फेरी : १, २, ३ …). पद आणि बेरीज दोन्ही डबल (सीचा दशांश संख्यांचा प्रकार), दोन्हींची सुरुवात १ पासून, आणि लूपमध्ये फक्त एवढेच :

पद = पद * क्ष / न
बेरीज = बेरीज + पद

साइनच्या श्रेणीतही असेच करा. तिथे −क्ष² / (२न × (२न + १)) ने गुणत गेलात की चिन्हही आपोआप पालटते; −१ चा घात काढत बसावे लागत नाही. श्रेणी हाती आली की आधी हे गुणोत्तर कागदावर काढा आणि मगच कीबोर्डला हात लावा, असा माझा आग्रह आहे.

प्रश्न : १ + १/२ + १/३ + … ची बेरीज कायम १ च येते.

उत्तर : पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की सी अपूर्णांक टाकून देते. १.०/न लिहा.

प्रश्न : पद अगदी लहान झाले की लूप थांबवायचा, हा नियम सगळीकडे चालतो का?

उत्तर : नाही, आणि वरचीच श्रेणी त्याचा पुरावा आहे. तिची पदे शून्याकडे जातात, बेरीज मात्र अमर्याद वाढते. तरीही फ्लोटमध्ये (डबलपेक्षा कमी अचूक दशांश प्रकारात) ती सुमारे १५.४०३७ वर अडकते, कारण वीस लाखांहून अधिक पदांनंतर नवे पद इतके बारीक असते की मिळवले तरी बेरीज हलत नाही. ते उत्तर यंत्राच्या मर्यादेचे आहे, श्रेणीचे नव्हे.

प्रश्न : पहिल्या श्रेणीत क्ष = −२० घातले की उत्तर निरर्थक येते.

उत्तर : मधली पदे ४.३ कोटींपर्यंत चढतात आणि एकमेकांना खोडतात. खरे उत्तर ०.००००००००२०६ एवढेसे, डबलमध्ये कोटींच्या संख्येला होणारी राउंडिंगची चूकच त्याहून मोठी असते. +२० साठी बेरीज काढा आणि १ ला तिने भागा.

प्रश्न : पाय (π) काढण्यासाठी ४ × (१ − १/३ + १/५ − …) वापरतो. हजार पदांनंतरही ३.१४०५ च येते.

उत्तर : न पदांनंतर चूक साधारण १/न उरते, त्यामुळे नुसती पदे वाढवून फार काही साधत नाही. ही श्रेणी केरळातील संगमग्रामच्या माधवांची, चौदाव्या-पंधराव्या शतकातली. शेवटी जोडायची दुरुस्तीही त्यांच्याच नावावर आहे : ४न / (४न² + १), पुढच्या पदाचे चिन्ह लावून. दहाच पदे घ्या, बेरीज ३.०४१८४ येईल. तिच्यात ४०/४०१ मिळवा : ३.१४१५९.